हार्ट फेल्युअर, दीड लिटर पाणी आणि अकोल्याचा उन्हाळा

मोर्णाकाठ । १४ एप्रिल, रात्री ९.४०
नमस्कार. माझी आई ७६ वर्षांची असून अकोल्यात वडिलांसोबत (वय ८१) राहते. मी पुण्यात असतो. धाकटा भाऊ आणि वहिनी त्याच गल्लीत राहतात. २०१९ मध्ये आईला हृदयविकाराचा झटका आला होता. त्यानंतर टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतले किती रक्त बाहेर ढकलते ते प्रमाण, फक्त ३० टक्के आले आणि ‘हार्ट फेल्युअर’ हा शब्द घरात आला. या वर्षी जानेवारीत आणि पुन्हा मार्चमध्ये अंगात पाणी साठून धाप लागल्यामुळे तिला दाखल करावे लागले. मार्चमध्ये आमच्या लक्षात आलेली पहिली गोष्ट धाप नव्हती. तिची जोडवी बोटांत रुतू लागली होती आणि ती साबण लावूनही निघत नव्हती.

डिस्चार्ज कार्डावर ‘दिवसाला दीड लिटर द्रव, मीठ कमी, रोज वजन’ असे लिहिले आहे. वडिलांनी ते शब्दशः घेतले. ते स्टीलच्या पेल्याने मोजून पाणी देतात आणि कॅलेंडरवर रेघा मारतात. इथपर्यंत ठीक होते. पण आता तापमान ४२ अंशांवर गेले आहे, मे महिन्यात ते ४४ च्या पुढे जाईल. काल आई फोनवर म्हणाली, “मला आजाराने नाही, तुमच्या पेल्याने मरण येणार.” ती हे हसत म्हणाली, पण मला हसू आले नाही.

माझा प्रश्न असा की, हिवाळ्यात ठरवलेली पाण्याची मर्यादा विदर्भाच्या उन्हाळ्यात तशीच पाळायची असते का? पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. तिथे नेमके काय विचारावे, आणि आपल्याकडे अशा रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनी काय केले, हे जाणून घ्यायचे आहे.

हिरवा_चाफा । १४ एप्रिल, रात्री १०.१५
सासूबाईंसाठी आम्ही पेले मोजणे सोडून दिले, कारण दुपारपर्यंत हिशेब चुकायचाच. सकाळी दीड लिटरची एक बाटली भरून ठेवायची. त्यांनी चहा घेतला की कपभर पाणी बाटलीतून ओतून टाकायचे, ताक घेतले की वाटीभर. संध्याकाळी बाटलीत जे उरेल ते त्यांचे. चहा, ताक, पातळ वरण, रसभाजी आणि कलिंगड हे सगळे मोजायचे असते, ही गोष्ट आम्हाला दोन महिन्यांनी समजली. आम्ही बिचाऱ्यांचे पाणी तोडत होतो आणि त्या कलिंगडाच्या फोडी खात होत्या.

इसीजी । १४ एप्रिल, रात्री ११.०५
मी फिजिशियन आहे. इथे जे लिहितो ते सर्वसाधारण माहिती म्हणून घ्यावे, त्यावरून गोळ्यांचे प्रमाण घरी बदलू नये.

‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे, तर शरीराला लागते तेवढे रक्त पुढे ढकलणे त्याला जमेनासे होणे. मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोहोचते, शरीराचा समज होतो की पाणी कमी पडले आहे, आणि म्हणून ते मीठ व पाणी धरून ठेवू लागते. तेच पुढे पायावर, पोटात आणि फुप्फुसांत साठते. लघवीची गोळी हे साठलेले पाणी काढते. उन्हाळ्यात मात्र घामही तेच काम करू लागतो. गोळी तीच, पाण्याची मर्यादा तीच आणि वर दिवसभर घाम, असे झाले की रुग्ण दुसऱ्या टोकाला जातो. रक्तदाब उतरतो, उठल्यावर चक्कर येते आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारा रक्तातला आकडा) वाढते. त्यामुळे तुमची शंका अगदी रास्त आहे.

द्रवाच्या मर्यादेमागचा पुरावा आपण समजतो तितका भक्कम नाही. नेदरलँड्समध्ये स्थिर प्रकृतीच्या बाह्यरुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड लिटरची मर्यादा पाळणारे आणि तहानेप्रमाणे पिणारे यांच्या प्रकृतीत त्यात लक्षणीय फरक आढळला नाही. मर्यादा पाळणाऱ्यांना तहानेचा त्रास मात्र अधिक झाला. पण तुमच्या आई महिन्यापूर्वीच रुग्णालयातून आल्या आहेत, आणि नेदरलँड्समध्ये अकोल्याचा मे महिना नसतो. त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नये.

तपासणीच्या वेळी एकच गोष्ट लिहून घ्या: आईंचे ‘कोरडे वजन’ किती, म्हणजे अंगावर सूज नसताना आणि धाप नसताना त्यांचे वजन किती असायला हवे. त्यापेक्षा तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढले तर फोन करायचा, हे बहुतेकांना सांगितलेले असते. किती खाली गेले तर फोन करायचा, हे फारसे कोणी विचारत नाही. उन्हाळ्यात तो दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा ठरतो.

कोकणकडा । १५ एप्रिल, सकाळी ७.५०
वजनाबद्दल एक सूचना. काटा रोज त्याच जागी, कडक फरशीवर ठेवावा. आमच्याकडे तो एकदा सतरंजीवर ठेवला गेला आणि वडिलांचे वजन एका रात्रीत तीन किलोंनी उतरले. घरात आनंदीआनंद झाला. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी आणि साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करावे. आणखी एक परिणाम असा झाला की काटा दिसला म्हणून घरातले सगळेच त्यावर चढू लागले आणि वडिलांखेरीज सर्वांना पथ्य लागले.

सातपुडा । १५ एप्रिल, सकाळी ९.३०
इसीजी यांनी दुसऱ्या टोकाबद्दल लिहिले आहे, तो अनुभव आम्ही घेतला आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात वडिलांना (तेव्हा वय ७९, गाव जळगाव) एका लग्नाच्या पंगतीनंतर जुलाब सुरू झाले. दोन दिवस आम्ही त्यांना सर्व गोळ्या न चुकता दिल्या, कारण ‘हृदयाची गोळी चुकवायची नाही’ हे आमच्या मनावर कोरलेले होते. पाणीही मोजूनच देत होतो, कारण तेही कार्डावर लिहिलेले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे ते न्हाणीघराच्या उंबऱ्यावर कोसळले. रक्तदाब वरचा ८० होता, क्रिएटिनिन दुपटीहून अधिक झाले होते आणि कपाळाला सहा टाके पडले.

नंतर डॉक्टर म्हणाले की उलट्या-जुलाब झाले, ताप आला किंवा खाणेपिणे बंद झाले तर त्याच दिवशी विचारायचे असते. अशा दिवसांत लघवीची गोळी, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन यांसारख्या हार्ट फेल्युअरच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. हे आधी कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. मोर्णाकाठ, तुम्ही ‘आजारी दिवसाची यादी’ लिहून घ्या. कोणती गोळी थांबवायची, कोणती कोणत्याही परिस्थितीत चालू ठेवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे तिन्ही त्यात असू द्या.

निवृत्त_केमिस्ट । १५ एप्रिल, दुपारी १२.२०
चौतीस वर्षे औषधांच्या दुकानात उभा राहिलो, त्या अनुभवावरून लिहितो.

पहिली गोष्ट गुडघेदुखीच्या गोळ्यांची. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब या जातीच्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाने त्या टाळायच्या असतात. तरीही आमच्या काउंटरवर रोज कोणीतरी “गुडघ्याची द्या, ती पिवळी” म्हणून मागायला येई, आणि सगळेच दुकानदार विचारपूस करतात असे मी म्हणणार नाही. दुखण्यासाठी काय घ्यायचे ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे.

दुसरी गोष्ट ‘लो सोडियम’ मिठाची. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. स्पायरोनोलॅक्टोन किंवा सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन या पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या गोळ्या चालू असतील, तर रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. नारळपाण्याबाबतही तेच. घरोघरी ते औषध समजून रोज देतात. पोट फुगले म्हणून घेतले जाणारे फसफसणारे फ्रूट सॉल्ट हे तर सोडियमच आहे, आणि हार्ट फेल्युअरमध्ये पोट फुगण्याचे कारण पुष्कळदा गॅस नसून यकृतात आणि आतड्यांत साठलेले पाणी असते.

तिसरी गोष्ट पैशांची. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० मध्ये संपले, सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टनचे २०२३ मध्ये आणि डापाग्लिफ्लोझिनच्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये. त्यानंतर अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किमती खूप उतरल्या. जुनी महागडी चिठ्ठी घेऊन दर महिन्याला तेच आणत असाल, तर डॉक्टरांना एकदा स्वस्त पर्याय विचारा. सत्तरीपुढच्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्नाची अट नसलेले आयुष्मान कार्ड मिळते, पण ते दाखल होण्याच्या खर्चासाठी आहे. दर महिन्याच्या गोळ्या खिशातूनच आणाव्या लागतात.

मोर्णाकाठ । १५ एप्रिल, दुपारी २.०५
निवृत्त_केमिस्ट, तुमचा पहिला परिच्छेद वाचून मी भावाला फोन केला. मार्चमध्ये दाखल होण्याआधी आईने गुडघ्यासाठी पाच दिवस गोळ्या घेतल्या होत्या. त्या शेजारच्या काकूंच्या डब्यातून आल्या होत्या, म्हणून कोणत्याच कागदावर त्यांची नोंद नाही. डॉक्टरांनी “दुसरे काही औषध चालू होते का?” असे विचारले, तेव्हा आम्ही सर्वांनी एका सुरात “नाही” म्हटले होते.

भावाने आणखी एक गोष्ट कबूल केली. सध्या गच्चीवर वाळवणे चालू आहेत. आई पापड लाटायला बसत नाही, पण उडदाच्या लाट्या तेल लावून खाते. “दोन-चारच खाल्ल्या” असे तिचे म्हणणे आहे. त्यात मीठही आहे आणि पापडखारही.

वाटसरू_मी । १५ एप्रिल, दुपारी ३.१५
साध्या मिठाऐवजी सैंधव का वापरत नाही? ते नैसर्गिक असते आणि उपासालाही चालते.

इसीजी । १५ एप्रिल, दुपारी ४.००
सैंधव उपासाला चालते, हार्ट फेल्युअरला चालत नाही. मूत्रपिंडाला दोन्ही सोडियम क्लोराइडच दिसते. एक सपाट चहाचा चमचा मीठ म्हणजे साधारण ५ ग्रॅम, त्यात जवळपास २ ग्रॅम सोडियम असते. दिवसभरात सगळ्या पदार्थांत मिळून यापेक्षा अधिक मीठ नको, एवढे पथ्य बहुतेकांना पुरते.

मात्र या बाबतीत अतिरेकही पाहिला आहे. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या सोडियम-एचएफ या अभ्यासात सोडियम दीड ग्रॅमच्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला, मृत्यू आणि रुग्णालयाच्या फेऱ्या त्यामुळे कमी झाल्याचे दिसले नाही. वृद्ध माणसाला अगदी अळणी जेवण वाढले की तो जेवणच सोडतो. मांड्या आणि दंड आटतात, अशक्तपणा वाढतो आणि वजन मात्र सुजेमुळे तेवढेच दिसते. भाजीत बेताचे मीठ राहू द्यावे. लोणचे, पापड, ठेचा, फरसाण, खारी, सुके मासे आणि सोडा घातलेले पदार्थ बंद करावेत. लाट्यांचा समावेश यातच होतो, हे आईंना माझ्या वतीने सांगावे.

बोरूबहाद्दर । १५ एप्रिल, सायंकाळी ६.२५
वऱ्हाडात ठेचा बंद करण्याचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनी स्वतःचा पत्ता इथे लिहू नये, एवढीच विनंती.

पेठेतली_सून । १५ एप्रिल, रात्री ८.१०
अर्जुनसालीचा काढा हृदयाला बळ देतो, असे आमच्याकडे मानतात. तो या गोळ्यांसोबत चालेल का?

इसीजी । १५ एप्रिल, रात्री ८.४५
गोळ्यांऐवजी तर नकोच. सोबत घ्यायचा असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगून घ्यावा, आणि काढ्याचे पाणीही बाटलीतून वजा करावे. मला काढ्यापेक्षा न सांगता घेतलेल्या काढ्याची अधिक काळजी वाटते.

टोरांटोकर । १६ एप्रिल, पहाटे ४.३०
माझे वडील इथे माझ्याजवळ असतात. इथल्या हार्ट फंक्शन क्लिनिकमध्ये परिचारिका दर पंधरवड्याला फोन करते, वजन आणि रक्तदाब विचारते आणि गोळ्यांचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवत नेते. या आजारात गोळी सुरू होणे आणि ती पुरेशा मात्रेत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिच्यामुळे समजले. भारतात माझ्या मावशीची बीटा ब्लॉकरची (हृदयाचे ठोके संथ करणाऱ्या गोळीची) मात्रा चार वर्षे सुरुवातीचीच राहिली होती, कारण ‘बरे आहे, तेच चालू ठेवा’ असे प्रत्येक वेळी सांगितले गेले. दूर राहणाऱ्या मुलाने काय करावे, तर रोज सकाळी काट्याचे छायाचित्र मागवावे. “कशी आहेस?” या प्रश्नाला आई नेहमी “बरी आहे” असेच उत्तर देते; काट्याला तसे बोलता येत नाही.

हिरवा_चाफा । १६ एप्रिल, सकाळी ८.००
टोरांटोकरांच्या म्हणण्याला माझी पुस्ती. सासूबाईंना मधुमेह नाही, तरी डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन दिली होती. एका नातेवाइकाने “ही साखरेची गोळी आहे, चुकून लिहिली असेल” असे सांगितले आणि ती तीन आठवडे बंद राहिली. ती गोळी मधुमेह नसतानाही हार्ट फेल्युअरसाठी देतात, हे पुढच्या भेटीत कळले. ज्या नातेवाइकांना औषधांतले सगळे कळते, त्यांची यादीही डिस्चार्ज कार्डावर असावी.

शिंपला । १६ एप्रिल, सकाळी ९.१५
लघवीची गोळी किती वाजता देता? आमच्याकडे दुसरी मात्रा रात्री आठला दिली जात होती आणि आजी रात्रभर अंधारात उठत होती. ती दुपारी चारच्या आत दिल्यापासून झोप लागते आणि पडण्याची भीतीही कमी झाली. प्रवासाच्या दिवशी गोळी चुकवण्याऐवजी ती उशिरा घेता येईल का, हेही विचारून ठेवावे. एसटीच्या भीतीने आजी दर लग्नाला दोन दिवस गोळी बंद ठेवत असे आणि परत आल्यावर आडवे पडले की धाप लागत असल्याने तिला उशाला तीन उशा लागत.

जुना_पिंपळ । १६ एप्रिल, सकाळी ११.४०
आतापर्यंत सगळे काळजी घेणाऱ्यांनी लिहिले. मी ७३ वर्षांचा आहे, नागपूरला राहतो आणि या धाग्यातला आजार मला स्वतःला आहे. इजेक्शन फ्रॅक्शन ३५, सहा वर्षे झाली.

तहान म्हणजे काय ते सांगतो. ती घशात नसते, डोक्यात असते. पाणी दिसले नाही तर एक तास जातो. पण कोणी माझ्या पेल्याकडे पाहते आहे हे दिसले, की लगेच कोरड पडते. पहिल्या वर्षी माझी पत्नी मोजत असे. मी न्हाणीघरात जाऊन नळाचे पाणी ओंजळीने प्यायलो आहे, हे ती आज पहिल्यांदा वाचेल. मग एका परिचारिकेने मला सांगितले, “बाबा, बाटली तुमच्या ताब्यात ठेवा आणि वही पण.” त्या दिवसापासून मी एकदाही चोरून पाणी प्यायलो नाही. चोरायचे कोणाकडून? तोंडात वेलदोडा धरतो, लिंबाची फोड चोखतो आणि दुपारी फ्रिजमधला एक बर्फाचा खडा तोंडात घोळवतो. तो खडा अर्धा पेला पाण्याएवढे समाधान देतो.

वाकल्यावर धाप लागते का, हे आपल्या आईंना विचारा. देवासमोर रांगोळी काढताना, चपलेचा पट्टा लावताना. मला सूज येण्याच्या दोन-तीन दिवस आधी तेच होते, आणि हे मी डॉक्टरांना आपणहून सांगितले, त्यांनी विचारले नव्हते. रात्री उशांची संख्या वाढली, तीही सांगायची गोष्ट आहे. आम्ही म्हातारे हे सांगत नाही, कारण सांगितले की दाखल करतात.

आपल्या वडिलांना एक निरोप द्यावा. ८१ व्या वर्षी बायकोचे पाणी मोजणे हे प्रेमच आहे, पण ते चौकीदाराचे काम झाले की दोघांचेही हाल होतात.

सातपुडा । १६ एप्रिल, दुपारी १२.१०
जुना_पिंपळ, आपला प्रतिसाद मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. ओंजळीच्या वाक्यावर ते माझ्याकडे न पाहता खिडकीबाहेर पाहू लागले.

बोरूबहाद्दर । १६ एप्रिल, दुपारी १२.३०
पिंपळकाका, काकूंनी वाचले का?

जुना_पिंपळ । १६ एप्रिल, सायंकाळी ५.००
वाचले. तिला ते पहिल्या आठवड्यापासून माहीत होते म्हणे. नळाचा आवाज येत असे.

मोर्णाकाठ । २३ एप्रिल, रात्री १०.२०
काल तपासणी झाली. मी अकोल्याला गेलो होतो. सर्वांचे प्रश्न एका कागदावर लिहून नेले. डॉक्टरांनी तो कागद हातात घेऊन क्रमाने उत्तरे दिली.

पाण्याचे उत्तर असे मिळाले. जूनमध्ये पाऊस सुरू होईपर्यंत आईने दोन लिटरपर्यंत घ्यावे. ज्या दिवशी घाम फार येईल किंवा वीज जाऊन कूलर बंद राहील, त्या दिवशी एक पेला अधिक चालेल. कोरडे वजन ५२ किलो धरले आहे. ५४ च्या वर गेले तर फोन करायचा, आणि ५०.५ च्या खाली गेले किंवा उठताना चक्कर आली तरीही फोन करायचा. आडवी असताना आणि उभी राहिल्यावर रक्तदाब घेतला, तर उभे राहिल्यावर वरचा १०८ वरून ९० वर आला. म्हणून लघवीच्या गोळीची मात्रा निम्मी केली आहे आणि आठवड्याने क्रिएटिनिन, सोडियम व पोटॅशियम तपासायचे आहे. ‘हे आमच्या गावासाठी आणि या रुग्णासाठी आहे, दुसऱ्या कोणाला सांगू नका’ असे ते म्हणाले, तेही इथे नोंदवतो. सातपुडा यांनी सुचवलेली आजारी दिवसाची यादी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली; ती फ्रिजवर चिकटवली आहे. गुडघ्याच्या गोळ्यांचे ऐकून ते क्षणभर गप्प राहिले आणि जुन्या कागदावर तारीख घालून तशी नोंद केली.

बाटली आणि वही आता आईकडे आहेत. वडिलांना वजन लिहिण्याचे काम दिले आहे. ते चष्मा लावून दशांशापर्यंत लिहितात.

हिरवा_चाफा । २४ एप्रिल, सकाळी ७.४५
फारच छान. लाट्यांचे काय ठरले?

मोर्णाकाठ । २४ एप्रिल, सकाळी ८.३०
त्या बंद आहेत असे आई म्हणते. वहिनी म्हणते की यंदा पीठ मळण्याआधी मीठ आणि खार न घातलेला एक गोळा ती आईसाठी बाजूला काढते. तो कसा लागतो असे मी विचारले, तर आई म्हणाली, “कणकेसारखा. पण दे.”

रक्ताचा अहवाल २९ तारखेला येईल, तेव्हा लिहितो.